चार नंबरची पेज

३ फेब्रुवारी
सरला! नूर महंमदचा वारा सरला!! त्याची बायको सुगराबी वॉर्डच्या दारातूनच ओरडली. फुटलेलं आतडं शिवल्यावर ते पुन्हा चालू झाल्याची हीच खूण. आमच्याकडे याचीच दिवाळी. हा धुळ्यातलाच वेल्डर, खाट नंबर चार, माझ्या ‘पेज’ गटातला!

माझ्या प्रबंधासाठी चिठ्ठी काढून पेशंटचे दोन गट. एकाला ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी पातळ पेज. दुसरा वारा सरेपर्यंत उपाशी, जुन्या रिवाजानं. पेजवाले आधी बरे होतात हे मला दाखवायचंय. माझे गाईड हितेंद्र सर, त्यांचा विश्वास नाही — ‘टाका उसवला तर पू पुन्हा पोटभर. जबाबदारी तुझी, कामिनी.’ माझी तर माझी!

६ फेब्रुवारी
पाच नंबरचा चुडामण शुद्धीवर! साक्रीकडचा, कांद्याच्या गाडीवरचा हमाल. परवा आला तेव्हा पोट फळीसारखं, बीपी लागेना. दोन तास पू धुतला. आणि आज म्हणतो, ‘ताई, पोटमा कावळा वरडी राह्यनात!’

चिठ्ठी ‘उपाशी’ निघाली होती. शेजारी नूर महंमद चमच्यानं पेज पितोय आणि हा बघतोय. फार वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम.

८ फेब्रुवारी
चुडामणचाही सरला. इतक्या लवकर? असो!

२० मार्च
तीस पेशंट पुरे. हिशेब लागला — दोन्ही गट सारखेच! माझे पेजवाले पुढे नाहीत, आधी तोंडच उतरलं. मग डोक्यात प्रकाश पडला. अगं, म्हणजे पेजेनं काही बिघडत नाही! टाका एकाचाही उसवला नाही!

उपाशीवाले मात्र नेहमीपेक्षा लवकर कसे उठले, कळेना. सर म्हणाले, ‘नशीब तुझं. पेपर लिही, जळगावच्या परिषदेत वाच.’ सर! स्वतःहून! आईला रावेरला फोन केला. ती म्हणाली, ‘वाऱ्यावर कोणी निबंध लिहितं का गं?’

२ एप्रिल
नूर महंमद आणि चुडामण तपासणीला बरोबरच आले, सुगराबीही होती; दोघं आता दोस्त झालेत. मी कौतुकानं म्हटलं, ‘चुडामणभाऊ, उपाशी राहूनही किती लवकर उठलात!’

‘उपाशी कोन ऱ्हायनं व ताई?’

सुगराबी हसली. ‘बाजूला मानूस भुका, आन् आम्ही चमचा चाटत बसायचं? घास उतरतो का गळ्याखाली? आमच्या आधीच्या पेशंटच्या बायकोनंच सांगितलेलं — इथं वाटी दोघांत जाते.’

‘तुम्ही उनात का वाटी खाटखाले!’ चुडामण म्हणाला.

म्हणजे मी आले की वाटी खाटेखाली! रोज राउंडला विचारायचे, ‘काही खाल्लं नाही ना?’ आणि काय केविलवाणे चेहरे करायचे मेले! दिवसभर उपाशी गटाला फोन लावले. सगळे कबूल. एकानं तर वर विचारलं, ‘पेजेत मीठ कमी का असायचं?’

३ एप्रिल
सरांना सगळं सांगितलं. पेपर गेला, वर्षाची मेहनत गेली. रडलेच मी त्यांच्यासमोर.

सरांनी माझी पेशंटची यादी पुढे ओढली. मग म्हणाले, ‘म्हणजे तीसच्या तीस जेवले? आणि टाका एकाचाही नाही उसवला?’ उठून वॉर्डात गेले. कालच्या ऑपरेशनच्या पेशंटच्या कागदावर मी लिहिलेलं ‘तोंडाने काही नको’ खोडलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं — ‘आजपासून पेज.’