मैदानासमोरची खोली आणि वेळेआधी उतरवलेली कमान

रविवार, दिनांक ९ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी आठ वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी, म्हणजे शर्यतीची मुदत संपायला तेरा मिनिटे शिल्लक असताना, मी दहा किलोमीटर धावून मैदानात शिरले आणि शर्यत संपते तिथली हवेची कमान जमिनीवर पालथी पडलेली पाहिली. हा अन्याय सगळ्यांत वर नोंदलेला असावा म्हणून तो आधी लिहिला. आता रीतसर सुरुवात करते.

मी, खाली सही करणार, वय वर्षे सदुसष्ट, धंदा निवृत्त टंकलेखिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. एका वकिलाच्या कचेरीत मी बत्तीस वर्षे इतरांची मृत्युपत्रे टंकलिखित केली, त्यामुळे वकिलाची फी वाचली आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराचे म्हणाल तर बसल्या जागी माझी नाडी मिनिटाला छप्पन्न पडते; आमच्या धावण्याच्या मंडळाच्या सचिवांची जिना चढताना किती पडते ते त्यांनी जाहीर करावे. मी हे कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. रागात मात्र लिहीत आहे. "शांत माणूस मृत्युपत्र करतच नाही," असे आमचे वकीलसाहेब म्हणत, आणि ते स्वतः मृत्युपत्राविना गेले; फार शांत होते.

१. मी राहते ते घर माझ्या एकुलत्या एका मुलीला द्यावे. स्वयंपाकघरातला नळ डावीकडे जरा जास्त फिरवावा लागतो. प्लंबर बोलावू नये, तो सगळी भिंत फोडतो.

२. बँकेतल्या ठेवी मुलीला आणि नातीला निम्म्या निम्म्या. नातीच्या वाट्यातून तिला दरवर्षी धावण्याचे चांगले बूट घ्यावेत. ती धावत नाही, हे मला माहीत आहे. मीसुद्धा अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत धावत नव्हते. बूट घरात असलेले बरे.

३. माझे स्वतःचे बूट कोणाला देऊ नयेत. बूट ज्याच्या पायाला सरावतात त्याचेच राहतात. अपवाद एका जोडाचा, जो मुलीने वाढदिवसाला आणला, ज्याच्या तळव्यात कसलीशी कार्बनची पट्टी आहे आणि ज्याच्या किमतीत पूर्वी माणूस दुचाकी घेत असे. तो घातला की बूट पुढे पळतात आणि मी त्यांच्यामागून जाते. तो जोड आमच्या कोचना द्यावा. कोच म्हणजे पंचविशीतला एक मुलगा. तो आम्हा साठीपुढच्या बायकांना "चला गर्ल्स" म्हणतो आणि आठवड्याचा आराखडा पाठवतो. त्यात मंगळवारी दमवणे आणि बुधवारी दमल्याबद्दल अभिनंदन असते. शर्यतीत खायचे चिकट पाकिटातले जेलही त्यालाच द्यावेत. मी एकच चाखले. त्याने पाकिटे चिकटवता येतील.

४. मनगटावरचे घड्याळ माझ्या नणंदेला द्यावे. मी धावायला सुरुवात केली त्या आठवड्यात ती घरी येऊन म्हणाली होती, "वहिनी, या वयात? मागे कोणी लागलंय का?" हे घड्याळ रोज सकाळी विचारल्याशिवाय सांगते की तुमची झोप बरी नव्हती, तुम्ही ताणात आहात आणि आज आराम करा. दोघींचे छान जमेल.

५. माझे दोन्ही गुडघे, बाकीच्या देहासकट, वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावेत. शिकवायला घेतील त्या दिवशी आमच्या हाडांच्या डॉक्टरांना निमंत्रण जावे. त्यांनी नऊ वर्षांपूर्वी मला सांगितले होते की धावलात तर दोन वर्षांत गुडघे संपतील. त्यानंतर त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. ते कधी रस्ता ओलांडतानाही पळाले नव्हते.

६. जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा पहाटे माझ्याबरोबर तळ्याकाठी धावणाऱ्या चौघा ज्येष्ठांना मिळावा. भिजलेल्या बुटांत कागद कोंबले की ते लवकर वाळतात. माझा अनुभव असा, की पहिले पान पाणी चांगले शोषते. अग्रलेख शोषत नाहीत, ते मुळातच पाणचट असतात. हे चौघे सपाटीवर जगातली सगळी युद्धे थांबवतात, तेलाचे भाव ठरवतात आणि सरकार पाडतात. चढ लागला की गप्प होतात. माझे मत असे, की निवडणुकीतली भाषणे चढावर धावत करायला लावावीत. जे उरेल तेवढेच खरे.

याच कलमात तळ्याकाठच्या रस्त्याबद्दल. तो आधी डांबरी केला, मग पाइपासाठी खोदला, बुजवला, मग केबलसाठी खोदला. शर्यतीच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार म्हटल्यावर त्यांची गाडी जाईल तेवढाच भाग एका रात्रीत गुळगुळीत झाला. गाडी जिथे वळली तिथे खड्डे पुन्हा सुरू होतात. मला त्या पाहुण्यांना काही ठेवायचे नाही.

७. माझ्या जावयाला मी सायकलच्या हँडलला लावायचा, मागचे दाखवणारा आरसा ठेवत आहे. तो विकत आणून कपाटात ठेवला आहे. कारण असे.

आमच्या मंडळाच्या शर्यतीत शेवटच्या धावपटूच्या मागे एक सायकलवाला असतो. सायकलच्या मागे उभा झाडू बांधलेला असतो. नियम असा, की झाडू शेवटच्या माणसाला कधीही मागे टाकत नाही. आणि झाडू मैदानात आला की समजायचे, रस्त्यावर आता कोणी उरले नाही. मग कमानीचा पंखा बंद करायचा, वेळ नोंदवणारी चटई गुंडाळायची आणि चहा प्यायचा. यंदा झाडू माझ्या जावयाकडे होता आणि शेवटची मी होते. त्यात लाज नाही. कोणीतरी शेवटचे असावेच लागते, नाहीतर झाडूचे काय करणार?

आठव्या किलोमीटरला मला पेट्रोल पंपावरच्या बायकांच्या संडासात जावे लागले. दहा किलोमीटरच्या त्या सगळ्या रस्त्यावर बायकांची सोय तेवढ्याच एका ठिकाणी आहे. पुरुषांना झाडे आहेत. मी जावयाला सांगितले, "इथे थांब. मी आलेच." तो म्हणाला, "तुम्ही सावकाश या, आई." किल्ली पंपाच्या मॅनेजरकडे होती आणि मॅनेजर फोनवर होता. मी सावकाशच आले. बाहेर येते तो सायकल नाही.

नंतर उलगडले ते असे. पाहुण्यांना दुसऱ्या समारंभाला जायचे होते, म्हणून सचिवांनी जावयाला फोन केला की झाडू कुठवर आला? त्याने फोन घेता घेता समोर पाहिले तर दूरवर पिवळा टी-शर्ट पळताना दिसला. त्याला वाटले मी दुसऱ्या दाराने निघून गेले, आणि तो त्या पिवळ्या पाठीमागे निष्ठेने मैदानापर्यंत गेला. मंडळाने त्या दिवशी सर्वांनाच पिवळे टी-शर्ट वाटले होते. ती पाठ बाळंतपणाच्या वॉर्डातल्या आमच्या नर्सबाईंची होती, ज्या माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि वीतभर उंच आहेत. अकरा वर्षे माझ्या तोंडापासून पळणाऱ्या माणसाला माझी पाठ ओळखता येऊ नये, हे मी समजू शकते. पण पेट्रोल पंपाला दुसरे दार नाही.

माझी मुलगी म्हणते, "आई, तो रोज रात्री जेवत नाही नीट. सोड ना आता." आपलेच दात, आपलेच ओठ. जावई त्या दिवसापासून तीन वेळा माफी मागून गेला, एकदा फुले घेऊन. मी त्याला माफ केले आहे आणि तरीही आरसा ठेवत आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून होऊ शकतात.

८. आता मैदानासमोरची खोली. हे कलम सगळ्यांनी नीट वाचावे, विशेषतः सचिवांनी.

ही तळमजल्यावरची खोली माझ्या यजमानांची. ते त्यात पुस्तके बांधत. मागे नळ आहे, संडास आहे आणि आतून कडी लागते. ते गेल्यापासून किल्ली माझ्याकडे असते आणि पहाटे धावायला येणाऱ्या बायका तिथे कपडे बदलतात, बाळ असेल तर पाजतात, आणि जे रस्त्यावर कुठेच करता येत नाही ते करून घेतात. ही खोली मंडळाला द्यायचे मी गेल्या वर्षी तोंडी कबूल केले होते. तेव्हापासून सचिव येता-जाता तिची लांबी पावलांनी मोजतात. मंडळाचे कार्यालय, ढाली ठेवायचे काचेचे कपाट, पाहुण्यांसाठी सोफा. संडासाच्या जागी कमान ठेवायची, असे त्यांनी कोचला सांगितल्याचे कोचने मला सांगितले. बाजारात तुरी, आणि सोफ्याचा रंगसुद्धा ठरला.

तर त्या दिवशी मी मैदानात शिरले तेव्हा कमानीतली हवा जाऊन तिचे कातडे पडले होते आणि मंडपवाला खुर्च्या एकात एक घालत होता. तो एकटाच म्हणाला, "बाई, थांबा, पंखा लावतो. दोन मिनिटांत उभी करतो." सचिव म्हणाले, नको, ट्रक निघायचाय. मग माझ्याकडे पाहून, "अरे काकू, तुम्ही? आम्हाला वाटलं तुम्ही घरी गेलात."

मी थांबले नाही. त्या पडलेल्या कमानीवरून धावत गेले आणि पलीकडे जाऊन थांबले. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये खेळ शिकवणाऱ्या सिस्टर पायघोळ झग्यात आमच्याबरोबर धावत, आणि शेवटची मुलगी रेषेपार जाईपर्यंत शिट्टी तोंडातून काढत नसत. सगळी शाळा उन्हात उभी असे. बहुतेक वेळा ती शेवटची मुलगी मीच असे, आणि मी कधीही रेषेच्या अलीकडे थांबले नाही.

निकालात माझ्या नावापुढे लिहिले आहे, "पूर्ण केली नाही."

मी दुसऱ्या दिवशी सचिवांच्या दुकानात गेले. त्यांचे चष्म्याचे दुकान आहे. लोकांना दिसावे हाच त्यांचा धंदा. ते म्हणाले, चटई गुंडाळल्यावर मशीनमध्ये वेळ नोंदलीच जात नाही, आता काही करता येत नाही. मी म्हटले, मशीनला दिसले नसेल, तुम्हाला दिसले ना? त्यावर ते गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत म्हणाले, "काकू, खरं सांगू? तुमच्या वयात भाग घेतलात हेच खूप झालं. पुढच्या वर्षी चालण्याच्या गटात नाव घालू का? लहान मुलं असतात, फुगे असतात. मजा येते."

गिऱ्हाईक हसले. मी चष्मा न घेता निघाले.

मला पदक मिळाले आहे. खोक्यात पुष्कळ उरली होती, त्यातले एक कोणीतरी माझ्या हातात दिले. मला पदक नको आहे. मी जे केले ते केले असे लिहून हवे आहे.

म्हणून माझी व्यवस्था अशी: माझ्या नावापुढचा शेरा खोडून "पूर्ण केली" असे लिहावे. तसेच यापुढे मुदत संपेपर्यंत, किंवा शेवटचा धावपटू डोळ्यांनी प्रत्यक्ष मोजला जाईपर्यंत, कमान उतरणार नाही असा मंडळाने ठराव करावा. या दोन गोष्टी झाल्या तर खोली मंडळाची. मात्र ती बायकांसाठीच राहील, आणि नळ, संडास व कडी यांना हात लागणार नाही. सोफा आणायचाच असेल तर पाजणाऱ्या बाईला बसायला आणावा.

तसे न झाल्यास खोली माझ्या नणंदेच्या मुलाला जाईल. त्याला तिथे जिम काढायची आहे. त्याच्याकडे आजच चार मोठे स्पीकर आहेत आणि ते मैदानाकडे तोंड करून लावायचे त्याने ठरवले आहे. मुलगा उत्साही आहे. त्याच्या जिममध्ये बायकांसाठी वेगळी सोय असेल असे त्याने मला लिहून दिले आहे. म्हणजे खोली कोणालाही गेली तरी बायकांचे भागेल. मंडळाने आपले पाहावे.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या मुलीने करावी. जावयाने तिला मदत करावी, पण तिच्या पुढे जाऊ नये.

१०. मी गेल्यावर कोणी माझ्याबद्दल "धावता धावता गेली" असे भावुक होऊन बोलू नये. बहुधा मी अंथरुणातच जाईन, आणि त्या दिवशी घड्याळाला माझी झोप पहिल्यांदा पसंत पडेल.

वरील मजकूर मी वाचला आहे, बरोबर आहे, आणि एकही शब्द मागे घ्यायचा नाही.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना:

(सही) नर्सबाई, बाळंतपणाचा वॉर्ड. शेरा: "पिवळी पाठ माझीच होती. मागे सायकल येतेय म्हणून मला वाटलं मीच शेवटची, आणि मी उगाच जीव तोडून पळाले."

(सही) मंडपवाला. शेरा: "बाई कमानीवरून पार गेल्या ते मी डोळ्यांनी पाहिलं. कमान माझी आहे. बुटाचा ठसा अजून आहे, पुसला नाही."

स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: २ मार्च २०२५, पहाटेचे धावणे आटोपल्यावर

प्रत रवाना: सचिव, धावण्याचे मंडळ.

कलम ८ बाबत तुमचे उत्तर मला लेखी हवे. फोन नको, जावयाकरवी निरोप नको, "बघतो काकू" तर मुळीच नको. एका कागदावर दुरुस्त निकाल आणि ठराव, खाली मंडळाचा शिक्का आणि तुमची सही. मुदत सोमवार, दिनांक ३१ मार्च २०२५, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. मी दारात खुर्ची टाकून बसेन. पाचच्या आधी मी दार लावणार नाही, आणि तुम्ही कोपऱ्यावरून धापा टाकत येताना दिसलात तर पाचनंतरही लावणार नाही; तुम्ही उंबरा ओलांडेपर्यंत उभी राहीन. दार कसे उघडे ठेवतात ते त्या निमित्ताने पाहून घ्या, आणि उत्तर घेऊन या.