कोठडी, अंगण आणि जिनिव्हा

४ फेब्रुवारी, नंदुरबार
विधीच्या वर्गात आज कोडे घातले. कोठडीत शिपायाने बाईला मारले, तर आंतरराष्ट्रीय कायदा त्यास छळ म्हणतो. तीच काठी, तीच पाठ. पण मारणारा दीर आणि जागा अंगण, की ते नुसते भांडण. का? मग सविस्तर उलगडले: छळविरोधी करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सरकारच्या तावडीतला माणूस होता, उंबऱ्याआतली बाई नव्हती. स्त्रीवादी अभ्यासकांनी नेमके इथेच बोट ठेवले. काणाडोळा करणारे सरकारही जबाबदार! तास संपला, माझे संपेना.

९ फेब्रुवारी
तोरणमाळच्या पायथ्याची रायकीबाई आमच्या महिला संस्थेत आली. पंचांनी डाकीण ठरवले, दिराने मारून शेतातून हाकलले. ठाण्यात सोबत मी आणि सुरेखा वकील. हवालदार म्हणाला, "घरनं भांडण शे, ताई. सरकार काय करी?" मी कराराची पार्श्वभूमी सांगू लागले. सु.ने एवढेच विचारले, "हाच मार तुमच्या कोठडीत बसला असता तर, भाऊ?"
त्याने तक्रार लिहून घेतली.
उदाहरण माझे. परवा चहावर मीच तिला सांगितलेले.

१६ फेब्रुवारी
हे प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे मांडायला संस्थेतून एकीने जिनिव्हाला जायचे. टिपण माझे, तळटिपा माझ्या. रायकीबाईला विचारले, तुझ्या वतीने कोणी बोलावे? ती सु.कडे पाहून त्यांच्या पावरी बोलीत काही बोलली. दोघी हसल्या.
"काय म्हणाली गं?"
"म्हणते, मॅडम बोलल्या तर तिथले साहेब झोपतील."
मीही हसले. हसणे जमले असावे.
सु.ला पावरी येते. मला फ्रेंच.

१७ फेब्रु.
सु.ने नवी बॅग घेतली. निळी. बॅगेचासुद्धा राग यावा?
सु. म्हणाली, "फुगलीस ना? अगं, टिपण तर तुझंच आहे."
तेच तर.

१९ फेब्रुवारी
संस्थेच्या अध्यक्षबाईंचा फोन. "सुरेखाच्या नावाला तुमची हरकत नाही ना? उद्या कळवा." हरकती भराभर सुचल्या. इंग्रजी कच्चे. अशा व्यासपीठाचा अनुभव नाही. अभ्यासापेक्षा हजरजबाबीपणा अधिक. सगळ्या कशा पटण्याजोग्या!
मग वर्गाला दिलेली कसोटी आठवली. घटना तशीच ठेवा, फक्त जागा बदला. तेवढ्याने घटनेचे नाव बदलले, तर आपण बाईकडे नव्हे, जागेकडे पाहत होतो. कोणालाही घरबसल्या करता येते. हरकतींचेही तसेच: शब्द तेच ठेवायचे, सु.च्या जागी आपले नाव घालायचे आणि मोठ्याने वाचायचे.
दुसऱ्याच हरकतीवर अडले. पहिले परदेशी भाषण माझेही असते, पण माझ्या नावापुढे ही हरकत मला सुचली नव्हती. पुढची वाचते आहे...