वाऱ्याचा रंग

९ जानेवारी २००५. सकाळी सात.
नवी वही. माझ्या अंगात वारा शिरतो. तो केव्हा, कशाने आणि किती शिरतो याची नोंद ठेवणारा माणूस सबंध बात्तांबांग शहरात नाही. डॉक्टरसुद्धा ठेवत नाहीत. मी ठेवणार. वेळ, कारण, रंग. तीनच रकाने, पण शास्त्रशुद्ध.

रंग म्हणजे पाठीचा. बायको, साव्युन, पाठीला बाम चोळून आईच्या जुन्या चांदीच्या नाण्याने खरवडते. पट्टे गुलाबी उठले तर वारा थोडा. जांभळे उठले तर पुष्कळ. काळे उठले तर मानेतली शीर फुटून माणूस जातो. काळे अजून उठलेले नाहीत.

मुलीचं, थीडाचं, लग्न बारा फेब्रुवारीला. तोवर वारा पूर्ण बंद करायचा. पाच आठवडे म्हणजे भरपूर झाले.

तोच दिवस. दुपार.
वेळ: साडेअकरा. आधी हातपाय गार. मग छातीत धडधड, कानात शिट्टी, मग मान. श्वास घशाच्या खाली जाईना. आता मेलो असं वाटलं. नुसतं वाटलं, घाबरलो नव्हतो.
कारण: कॉफी. रंग: जांभळा.
उद्यापासून कॉफी बंद.

११ जानेवारी.
कॉफी बंद असूनही वारा आला. म्हणजे कॉफी निर्दोष. पुन्हा सुरू केली.

खरं कारण आज सापडलं. समोरच्या सारिनचा एसी. माझं दुकान म्हणजे शाळेच्या भिंतीला खिळ्यावर लटकवलेला आरसा, एक खुर्ची आणि वर ताडपत्री. सारिनने समोर काचेचं सलून काढलंय. कानामागून आला आणि तिखट झाला. त्याच्या एसीची पेटी बाहेर जी हवा फेकते ती सरळ माझ्या खुर्चीवर येते. त्याच्याशी बोलायला गेलो. तो म्हणाला, पेटीतून गरम हवा येते, वुथ्थी, गार आत राहते. मी म्हणालो, वारा तो वारा.
खुर्ची दोन हात सरकवली. आता त्रास संपला.
रंग: जांभळा.

१४ जानेवारी.
थीडा जेवणाचा डबा घेऊन दुकानावर आली. लग्नात केस कापायचा विधी असतो, त्यात पहिली कात्री मी चालवायची असं सांगून गेली. विचारलं नाही, सांगितलं. तसं यात काहीच नाही. नवरानवरी बसलेले असतात, आईबाप नि नातलग एकेक करून मागे उभे राहतात आणि केसांजवळ कात्री वाजवतात. केस कापायचे नसतातच. ती म्हणाली, सगळ्या मुलींचे बाप कात्री उलटी धरतात, माझ्या एकटीचा सुलटी धरेल.

अर्थात, म्हणालो. सव्वीस वर्षं कात्री धरतोय.

घरी सांगितलं तर साव्युनने बामाची बाटली काढून ठेवली. थीडाचे केस कमरेपर्यंत आहेत. ती न्हाऊन बसली की मी नदीवर चक्कर मारायला जातो, हे साव्युन ती लहान असल्यापासून बघतेय. ओल्या लांब केसांत वारा सर्वांत जास्त अडकतो असं मी तिला पूर्वीच समजावलंय. दुकानाच्या पाटीवर ‘फक्त पुरुष’ लिहिलंय तेही त्याचसाठी.
वेळ: डबा उघडल्यावर पाच मिनिटांनी. कारण: आंबवलेली कोबी. रंग: गर्द जांभळा.

१७ जानेवारी.
सरकारी दवाखाना. छातीला वायरी लावून कागदावर रेघा काढल्या. डॉक्टर म्हणाला, काका, हृदय बैलासारखं आहे. मग त्याने विचारलं, तुम्ही फार विचार करता का? मी म्हणालो, मी न्हावी आहे, विचार गिऱ्हाईक करतं. मग त्याने हळूच विचारलं, पोल पोटच्या वेळी तुम्ही कुठे होता? चाळिशी उलटलेल्या माणसाला या देशात हा प्रश्न विचारायचा नसतो. सगळे कुठे ना कुठे होतेच. भातशेतीत, म्हणालो.

गोळ्या दिल्या. एक घेतली. दुपारी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मीच झोपलो आणि गिऱ्हाईक स्टुलावर बसून माझी वाट बघत राहिलं. गोळ्या बंद. न्हावी जागा असलेला बरा.

२० जानेवारी.
आज जे झालं त्यात माझी चूक नाही.

एक गोरा पाहुणा येऊन खुर्चीत बसला. उंच, दाढीवाला, आणि केस पाठीपर्यंत. पाटीकडे बोट दाखवलं तर त्याने स्वतःकडे बोट दाखवलं. पुरुष तर होताच. मानेला कापड बांधलं, केस विंचरले. पहिली बट कापली. बट माझ्या हातावर पडली.

वारा इतक्या जोरात कधी आला नव्हता. मी शाळेच्या मागच्या गल्लीत, मुतारीच्या भिंतीला कपाळ टेकून उभा होतो. तिथे कसा गेलो आठवत नाही. परत आलो तर पाहुणा कापडासकट सारिनच्या सलूनमध्ये बसलेला. एका बाजूला छोटे, दुसऱ्या बाजूला लांब. सारिन काचेतून माझ्याकडे बघून हसला. हसला नसेलही, काचेमुळे तसं दिसलं असेल.
कारण: गोऱ्या लोकांचा शाम्पू. रंग: साव्युनने सांगितला नाही. काळा आहे का विचारलं तर म्हणाली, गप पडून राहा.

२३ जानेवारी.
पॅगोडात. भिक्खूंनी डोक्यावरून मंतरलेलं पाणी ओतलं. दोन बादल्या. मनगटाला लाल दोरा बांधला. मग विचारलं, घरातलं कोणी गेलेलं आहे का, ज्याच्या नावाने भात दिला जात नाही?
नाही, म्हणालो.

पितरांच्या पंधरवड्यात दरवर्षी मी पहाटे पॅगोडाभोवती भाताचे गोळे टाकतो. आईच्या नावाने एक, वडिलांच्या नावाने एक. तिसराही टाकतो, पण त्याला नाव नाही. भटक्या आत्म्यांपैकी कोणीही खावा. भिक्खूंना हे सांगण्याची गरज नव्हती.

पाण्याने सर्दी झाली. वारा नाही आला! चार तास. मग आला.
कारण: सर्दी.

२७ जानेवारी.
एका संस्थेच्या पोरी दर गुरुवारी शाळेत श्वासाचा क्लास घेतात, फुकट. साव्युनने ढकलत नेलं. सगळ्या बायका आणि मी. चार मोजत आत, चार मोजत बाहेर. हे मला जन्मापासून येतंय. मग शिकवणारी म्हणाली, डोळे मिटा आणि तुमच्या पुढे बसलेल्या माणसाच्या पाठीकडे लक्ष नेल्यासारखं करा.

माझ्या पुढे एक म्हातारी होती, केस वर गुंडाळलेले. मी डोळे मिटले नाहीत. चार मोजत बाहेर पडलो.

साव्युन वाटेत म्हणाली, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मी म्हणालो, भीतीचा संबंधच नाही, खोलीत पंखा होता. ती म्हणाली, पंखा बंद होता, बाँग. थोरल्यांना बाँग म्हणतात, नवऱ्यालाही. आज तिने म्हटलेलं बरं वाटलं नाही.

२ फेब्रुवारी.
नवा उपाय, माझा स्वतःचा. प्रॅक्टिस.
शेंडीवाला मोठा नारळ आणला. शेंडी विंचरून स्टुलावर ठेवला. मागे उभा राहिलो, कात्री वाजवली. काही झालं नाही. वीस वेळा केलं. हात दगडासारखा स्थिर.
लोक उगाच डॉक्टरकडे जातात.

४ फेब्रुवारी.
नारळ: चाळीस वेळा. वारा: नाही. सारिन रस्ता ओलांडून आला, नारळाकडे बघितलं आणि विचारलं, याची दाढीपण करायची का? लग्नाचं आमंत्रण दिलं त्याला. पहिल्या रांगेत बसवणार. बघू दे.

६ फेब्रुवारी. दुपार.
दुकान बंद ठेवलं. घरी कोणी नाही. थीडाने न्हाऊन केस पुसले होते, त्यातला एक लांब केस उंबऱ्यावर पडला होता. तो उचलायला वाकलो आणि तिथेच बसलो.

वेळ: माहीत नाही. उजेड होता.

मी तेरा वर्षांचा होतो, पोल पोटच्या भातशेतीत. गटप्रमुखाला कळलं होतं की आमचा बाप न्हावी होता, म्हणून कात्री माझ्या हातात दिली. सगळ्या मुलींचे केस कानाच्या खाली. हुकूम होता. रांगेत माझी थोरली बहीणही होती. सगळ्यात लांब केस तिचे. मी म्हणालो, बाँग, हलू नकोस, वाकडं होईल. ती हलत नव्हती. माझाच हात हलत होता.

पुढचं लिहायचं नाही.
कारण: वाकलो, रक्त डोक्यात गेलं.

११ फेब्रुवारी.
सगळी तयारी झाली. मांडव पडला, रस्ता अर्धा अडवला, स्पीकर लावले. एवढे मोठे की नदीपलीकडच्यांनाही आमंत्रण दिल्यासारखंच आहे.

माझं उद्याचं टाइमटेबल: पहाटे बाम. कॉफी नाही. कोबी नाही. लाल दोरा आहे. विधीआधी सोळा श्वास. कात्री वडिलांची, काल धार लावली. मागे जायचं, एकदा वाजवायची, पुढे व्हायचं. नारळ शंभर वेळा झाला. थीडा सुखी होईल आणि सारिनचं तोंड बंद होईल. वारा गेला असं लिहायला हरकत नाही. साव्युनला सांगितलं की उद्यानंतर ही वही लागणार नाही.

१२ फेब्रुवारी.
कसं झालं ते क्रमाने लिहितो.

थीडाने सकाळपासून चार वेळा कपडे बदलले. विधीला सोनेरी कपड्यांत बसली, शेजारी जावई. गाणारे बसले, त्यांनी माइक आमच्या बाजूला वळवला. आचार्य म्हणाले, नवरीच्या वडिलांनी यावं. सारिन पहिल्या रांगेत. मी सोळा श्वास घेतले, मागे गेलो, कात्री उघडली.

नवरीचे केस वर बांधलेले असतात. फुलं खोवून, सोन्याचे काटे लावून, सगळे वर. न्हाव्याला हे माहीत नको? मी शंभर वेळा शेंडीमागे कात्री वाजवली आणि एकदाही विचार केला नाही की केस वर असले की खाली काय दिसतं. नारळाला मान नसते.

थीडाची मान. इतकी वर्षं केसांखाली राहिलेली, ऊन न लागलेली, इतर अंगापेक्षा गोरी. अगदी तशीच. मी तशी मान याआधी एकदाच बघितली होती, केस माझ्या हाताने खाली पडल्यावर.

मी मोठ्याने बोललो असं वाटलं नव्हतं. पण माइक होता. नदीपलीकडेही ऐकू गेलं असेल.

“बाँग, हलू नकोस. वाकडं होईल.”

मग मी मांडवाच्या मागे होतो, स्वयंपाकाच्या पातेल्यांमध्ये, एका उपड्या टबावर. बायका कांदा चिरत होत्या, त्या उठून गेल्या. वारा मानेपर्यंत आला होता. पुढे शांतता. पाचशे माणसं गप्प बसली की कसं वाटतं ते आज कळलं.

साव्युन येईल असं वाटलं. थीडा आली. सोनेरी कपड्यांत, हातात आजीचं नाणं नि बाम. माझा सदरा वर केला. मग सदरा खाली केला.

“पा, कुठे खरवडू? पाठीवर जागाच नाही.”

समोर येऊन बसली. तसे कपडे घालून टबासमोर बसता येत नाही, तरी बसली. “बाँग कोण? तुम्ही तर एकुलते एक होतात.”

मी आयुष्यभर तेच सांगत आलो. साव्युनलाही. आज सांगितलं. की माझ्या थोरल्या बहिणीचे केस मी कापले. ती उठून उभी राहिली आणि हसली, म्हणाली, डोकं हलकं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं नाव पुकारलं. दुसऱ्या गावी काम आहे, म्हणाले. तसल्या कामावरून कोणी परतत नसे. ती न्यायला आलेल्या दोघांच्या मागे बांधावरून चालत गेली आणि जाताना तिने हात मागे नेऊन मान झाकली. गार लागत असेल. किंवा तिला कळलं असेल. मी तिथेच होतो, हातात खुरपं घेऊन, आणि मी हाक मारली नाही. भीती वाटली. वारा नव्हता, त्या दिवशी हवा पडलेली होती.

थीडाने मला पंख्याने वारा घातला नाही की बाम लावला नाही. तिने नाव विचारलं. नाव सांगायला मला फार वेळ लागला. तिकडे आचार्य ओरडत होते की मुहूर्त टळतोय. ती म्हणाली, टळू दे. पण मीच तिला जा म्हणालो.

कात्री माझ्या खिशात राहिली होती. म्हणून सारिन धावत जाऊन सलूनमधली त्याची घेऊन आला आणि माझ्या जागी उभं राहून त्याने पहिली कात्री वाजवली. मी पातेल्यांमागून बघितलं. उलटी धरली होती. मुद्दाम धरली की काय माहीत नाही. नंतर तो मागे आला, माझ्या शेजारच्या पोत्यावर बसला आणि आम्ही दोघांनी बर्फ घातलेली कॉफी प्यायली.

मी कात्री वाजवली नाही. पाच आठवड्यांत एवढं एकच काम होतं.

वेळ: सकाळी सव्वानऊ.
रंग: जागा नव्हती.
कारण: बाँग चान्नारी. वय सतरा.