राणीच्या दारातून बाहेर पडलेला भाचा

वाल्डॉर्फ, जर्मनी, रविवार

ती. मनोरमाआत्या,

साष्टांग नमस्कार. (या खेपेस खरोखरच पालथा पडून, कारण तोंड वर करायला जागा उरलेली नाही.) तुझा गुडघा कसा आहे? सांगलीत उकाडा सुरू झाला असेल. जिना दिवसातून एकदाच चढ. तुझी सून वीणा बरी आहे, नात ऊर्जा बरी आहे, मी बरा नाही. फोनवर तू तीनदा विचारलंस, "फोटो दिलास का?" आणि तीनदा मी रेंज गेल्याचं सोंग केलं. रेंज होती गं. म्हणून हे पत्र. कागदाला माझा चेहरा दिसत नाही.

तर मागच्या शनिवारी हायडेलबर्गला नाटकाला गेलो. सोलांज मार्व्हाल, तुझी सोलांज, जिचे फ्रेंच सिनेमे तू फिल्म सोसायटीच्या सतरंजीवर बसून पाहिलेस (चाळीस चित्रपट, त्यात एकोणतीस वेळा मरण, वीणा म्हणते, एवढ्यात कुणालाही सवय होईल), ती पंचाहत्तराव्या वर्षी तीच ग्रीक राणी करत होती, जी तू एक्क्याऐंशी साली राज्य नाट्य स्पर्धेत केली होतीस. तू राणीच्या वेशातला तुझा फोटो पाकिटात घालून बजावलं होतंस, की मध्यंतरात आत जाऊन दे, आपली माणसं तसंच करतात. करतातच की! तुझं बोट धरून मी किती नटांना रंग पुसताना पाहिलंय.

आता मला काय माहीत, इथे त्या शोकांतिकेला मध्यंतरच नव्हतं! दीड तास सलग दुःख, ना वडा ना चहा. मधेच राणी राजवाड्याच्या दारातून आत गेली, दिवे मंद झाले, कोरसमधल्या बारा बायका गुणगुणायला लागल्या. मला वाटलं, झालं मध्यंतर. (शेजारचे आजोबा उठले नाहीत; म्हटलं, गुडघे असतील.) बाजूच्या दारानं बाहेर पडलो, मग एक बोळ, दोन पायऱ्या, एका दारावर मनाईची पाटी. आल्झो (इथल्यांचं 'तर मग'), अशी पाटी वाचून आपल्याकडे कोण थांबतं? अंधारात एक कडी हाताला लागली, ती ओढली, आणि आत्या, मी राजवाड्याच्या दारातून थेट रंगमंचावर आलो.

तुला नाटक पाठ आहे. त्या क्षणी त्या दारातून कोण येतं? दूत! राणी गेली, हे सांगायला. बारा बायका माझ्या पायाशी कोसळल्या. समोर चारशे प्रेक्षक, माझ्या अंगात ऑफिसचा निळा स्वेटर, हातात पाकीट. एकच जर्मन शब्द सुचला, "एन्टशुल्डिगुंग", म्हणजे माफ करा, तोही रडवेल्या आवाजात. कुणीतरी हुंदका दिला गं! तेवढ्यात मागून खरा दूत आला आणि मला दंडाला धरून आत घेऊन गेला. पेपरात आलंय, की माफी मागणारा दूत ही दिग्दर्शकाची थोर कल्पना. ऊर्जानं ते कात्रण फ्रिजवर लावून खाली "पाइनलिश" असं लिहिलंय. लाजिरवाणं, दुसरं काय!

पण खरी लाज पुढेच आहे. विंगेत सोलांजबाई, नुकत्याच मेलेल्या, चहा पीत उभ्या होत्या. पाकिटाकडे बोट दाखवून त्यांनी हळूच विचारलं, हे कुणाचं? आणि मी म्हणालो, कुणाचंच नाही. एवढ्या मोठ्या बाईपुढे मला पडद्याच्या कापडाचा झगा आणि पुठ्ठ्याचा मुकुट घातलेली माझी आत्या दाखवायची लाज वाटली. घरी पोचेपर्यंत त्या लाजेचीच लाज वाटायला लागली. थोबाडीत द्यायची असेल तर दे, गाल तयार आहे.

तुझा नालायक
भास्कर

ता. क. हे लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी परत गेलो. या वेळी पाटी वाचून, परवानगी काढून, दार वाजवून. फोटो दिला.

ता. क. २ : त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, हिनं काम का सोडलं? मी म्हटलं, ठाऊक नाही. ठाऊक होतं, आत्या. त्याच वर्षी आई गेली आणि सहा महिन्यांचा मी तुझ्या मांडीवर आलो. दारापर्यंत जाऊन मी माघारी फिरलो आणि सांगितलं, माझ्यामुळे.

ता. क. ३ : फोटो त्यांनी आरशाला खोचून ठेवलाय, परत द्यायला तयार नाहीत. म्हणतात, जिचा आहे तिनं येऊन न्यावा. सप्टेंबरात पुन्हा प्रयोग आहेत. तेव्हा पासपोर्टची झेरॉक्स ताबडतोब पाठव, व्हिसाचे कागद मी भरायला घेतलेत. आत कुठून जायचं, ते मला चांगलं ठाऊक आहे.