दोन तास दिवा नाही

सोमवार, ४ डिसेंबर
पुन्हा आला! माझ्या गच्चीवरच्या खोलीची कडी हलली. दोनदा. मी तान्ह्या ठमीला पोटाशी धरलं आणि दिवा लावला. पावलं धडधड जिन्याने खाली. बाहेर गच्चीत मास्तरांचा कॅमेरा, शटर उघडं. खिडकीतून सगळा उजेड त्याच्यावर! सव्वा तासाची मेहनत गेली.

मंगळवार, ५
मास्तरांच्या स्टुडिओत मी ट्रे धुते, फरशी पुसते. त्यांनी फिल्म धुतली. "काय गं, तारे काढायला सांगितले होते, तू सूर्य काढलास?" स्वतःच हसले. मग पुन्हा नीट सांगितलं. शटर दोन तास उघडं ठेवलं की एकेका ताऱ्याची रेघ उमटते, गोल गोल. तेवढ्यात दुसरा उजेड नको, टिकलीएवढासुद्धा नको. "एक चांगला आण, अंधाऱ्या खोलीतलं फोटो धुण्याचं काम तुझं. हात हलका आहे तुझा."

माझ्या हाताबद्दल कोणी चांगलं बोललं, पहिल्यांदाच.

जेवताना कडीचं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मांजर असेल." मोठे दीर म्हणाले, "एकटी राहून डोकं फिरलंय हिचं. रात्री तारे मोजत बसते! अशा बाईच्या हाताखाली पोर वाढणार?" जाऊबाईंनी ताटातून मान वर केली नाही.

शनिवार, ९
नवऱ्याचा फोन, परगावच्या कामावरून. "दादा म्हणतो ठमीला खाली त्यांच्याकडे ठेवू. तू बरी होईपर्यंत. पुढच्या रविवारी येतो, मग ठरवू." बरी होईपर्यंत! मला काय गोवर आलाय? म्हटलं, पोर माझी आहे, कोणी हात लावून दाखवा. फोन ठेवला आणि ठमीला उचलून घेतलं. 

रविवार, १०
भीती वाटते. लिहून टाकलं. बस.

मंगळवार, १२
अमावास्या. आज काढणारच!

कॅमेरा टाकीच्या आडोशाला, वर काळं फडकं. मास्तर म्हणाले होते नुसतं आकाश घेऊ नकोस, खाली जमिनीवरचं काहीतरी हवं, नाहीतर तारे सांडल्यासारखे दिसतात. म्हणून माझ्या खोलीचं दार घेतलं. साडेदहाला शटरची तार दाबली, ते उघडंच राहावं म्हणून स्क्रू आवळला. आत आले. कडी. कडीला खुर्ची. दिवा बंद.

पावणेबाराला पावलं. हात बटणावर गेला — आणि मी तो मागे घेतला. त्या दिवशी मी घाबरून दिवा लावला आणि माझाच फोटो जाळला. आज नाही! ठमी चुळबुळली, तिला पाजायला घेतलं. कडी हलली. हलव म्हटलं मनात, हलव. माझा अजून पाऊण तास राहिलाय!

किती वेळ उभा होता कोण जाणे. गेला. साडेबाराला बाहेर आले, शटर बंद केलं. कॅमेऱ्याला धक्का लागू दिला नाही.

गुरुवार, १४
तांबड्या उजेडात ट्रेमधला कागद हलवत होते. आधी तारे आले! रेघाच रेघा, एका न हलणाऱ्या ताऱ्याभोवती. मास्तर म्हणाले, "शाब्बास!" आणि कागदावर खाली वाकले.

खाली आणखी एक रेघ. वाकडीतिकडी, जिन्यापासून थेट माझ्या दारापर्यंत. "पेटती सिगारेट आहे ही," मास्तर म्हणाले. "हातात धरून कोणीतरी चालत आलंय." दाराशी त्याने दुसरी पेटवली असणार. काडीच्या उजेडात नाक, मिशी, अर्धा चेहरा.

मोठे दीर.

"ओळखतेस?" मास्तरांनी हळूच विचारलं.

मी म्हटलं, "तीन प्रती काढा."

शुक्रवार, १५
फोटो सासूबाईंपुढे ठेवला.  त्या बघत राहिल्या, ताऱ्यांकडे नाही, मुलाच्या चेहऱ्याकडे. मग उठल्या, आपली गादी गुंडाळली, गुडघे धरत तीन जिने चढल्या आणि माझ्या उंबऱ्यावर आडवी टाकली. जिन्यात वाकून ओरडल्या, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं —

"ये रे! आता आईला ओलांडून जा!"