रेडिएटरखालची बादली

एसेनबेक साहेब,

बॉयलरच्या दाबाचा काटा शून्यावर आहे आणि बॉयलर बंद पडलाय. आठवडाभर मी रोज पाणी भरतेय, काटा रोज खाली येतोय. गळती शोधायला मिस्त्रीने जमिनीच्या फळ्या उखडल्या, तेव्हा शेजारी उभं राहून "नीट बघा हं" कोण म्हणत होतं? आज तुमची बादली खोली तापवणाऱ्या रेडिएटरच्या तोटीखालीच राहिली, म्हणून कळलं पाणी कुठे जातं ते. बाहेर उणे पंचवीस, आणि साहेबांना टॅक्सी धुवायला कढत पाणी हवं!

"आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये सगळे असंच पाणी काढायचे" हे मला ऐकवू नका. तिथे अख्ख्या गावाचं बॉयलरघर पाणी पुरवत होतं. इथे आपल्या पाइपांत आहे तेवढंच फिरतं.

आईंना सगळं माहीत होतं. तीन रजया पांघरून "थंडी नाही गं" म्हणत राहिल्या, लेकाला कुणी बोलू नये म्हणून. आज त्यांचे ओठ निळे पडले. त्यांना घेऊन मी माझ्या बहिणीकडे चाललेय.

पाइप गोठायच्या आत भिंतीजवळची पाणी भरायची छोटी तोटी हळूहळू उघडा. काटा दीडवर आला की घट्ट बंद करा. रेडिएटरमधली हवा काढा, काटा पुन्हा दीडवर आणा, मगच बॉयलर लावा. घर तापल्याशिवाय आईंना न्यायला येऊ नका. तोवर झोपा त्या चकचकीत टॅक्सीत, तिला हीटर आहे.

पातेल्यात शोर्पोचा रस्सा आहे. निघता निघता आईंनी तुमच्यासाठी झाकून ठेवला. मी ठेवला नसता.

जुमागुल