मूळपुरुषाचे उत्तर

प्रिय धाकटीस, मनःपूर्वक आशीर्वाद.

पाच महिन्यांपूर्वी तू फोनवर विचारलेस, "बाबा, संध्याकाळच्या कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमाला नाव घालू का?" आणि मी तुला तुझ्या गुडघ्याचे दुखणे कसे आहे ते विचारले. छापखान्यात दुसऱ्यांची मुद्रिते तपासणारी, संसार नेटका करणारी त्रेचाळीस वर्षांची बाई वडिलांना असा प्रश्न विचारते, तेव्हा त्यामागे एक जुना नकार उभा असतो. हे मला कळत होते, म्हणूनच मी गुडघ्याकडे वळलो. अर्जाची मुदत येत्या शुक्रवारी संपते आणि तू अजून अर्ज भरलेला नाहीस, असे जावईबापूंकडून समजले. म्हणून आज लिहायला बसलो.

आधी माझी बातमी ऐक. मी कॉलेजात जातो. घरापासून दोन चौक पुढे जे कॉलेज आहे, तिथे साठीपुढच्या माणसांना कोणत्याही वर्गात बसून ऐकता येते. परीक्षाही देता येते, प्रमाणपत्र तेवढे मिळत नाही. दोन महिने वाचनालयात बसून प्रोग्रॅमिंगची बाराखडी गिरवली आणि मग कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीशी जाऊन सांगितले, डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम. खिडकीमागच्या बाई चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "आजोबा, चित्रकलेचा वर्ग पलीकडच्या इमारतीत आहे."

शिकवणाऱ्या मॅडम तुझ्याच वयाच्या आहेत. माहिती कशी रचून ठेवावी हे समजावताना त्यांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक वृक्ष काढला; मूळ वर, फांद्या खाली. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, झाड उन्मळलं की काय?" सगळे हसले. मला मात्र नवल वाटले नाही. वर मूळ आणि खाली शाखा असलेला गीतेतला वृक्ष मी आठव्या वर्षापासून मुखोद्गत म्हणत आलो आहे, आणि तसे उभे राहून सांगितलेही. त्या दिवसापासून वर्गात माझे नाव मूळपुरुष पडले. "मूळपुरुष आले, आता दार लावा," अशी माझी हजेरी लागते.

फजितीही पुरेशी झाली. साखळीसारखी एक यादी असते. तिच्या प्रत्येक कडीत एक वस्तू आणि पुढच्या कडीचा पत्ता. शेवटच्या कडीत पत्त्याची जागा रिकामी ठेवायची, म्हणजे यंत्र तिथे थांबते. मी एकेका कडीत एकेक श्लोक घातला, पण शेवटी रिकामी जागा ठेवायला हात धजेना. तुला ठाऊकच आहे, मी पोथी शेवटच्या श्लोकावर कधी मिटत नाही. पाठ खंडित होऊ नये म्हणून पहिला श्लोक पुन्हा म्हणतो आणि मगच ती वस्त्रात बांधतो. त्याच सवयीने मी शेवटच्या कडीत पहिलीचा पत्ता घातला. झाले! अध्याय संपे आणि पुन्हा सुरू होई, थांबायचे नाव नाही. शेजारी बसणारी एक किरकोळ बांध्याची मुलगी पडद्यावर वाकून म्हणाली, "आजोबा, याला नुसते पुनर्जन्मच आहेत. मोक्ष कुठंय?" मॅडम आल्या, पण रागावल्या नाहीत. "अशी गोल यादीही असते," त्या म्हणाल्या, "फक्त पहिली कडी परत दिसली की थांब, हे तुम्ही सांगायला हवं होतं. यंत्राला आपणहून काही समजत नाही हो."

त्या वाक्याने मी चपापलो. अठराव्या वर्षी तू याच विद्येचा अर्ज घरी आणला होतास, तेव्हा मी म्हणालो होतो, "जिथे यंत्र विचार करते, तिथे माणसाने काय शिकायचे?" वाक्य घडीव होते, खरे सांगायचे तर मला ते फार आवडलेही होते. तू अर्जाची चौघडी घातलीस आणि स्वयंपाकघरात गेलीस. ज्या शास्त्राचे एक पानही उघडलेले नाही त्याविषयी माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने असे मत दिले असते, तर मी त्याला वर्गाबाहेर उभे केले असते. यंत्र कणभर विचार करीत नाही, धाकटे. ते अर्थ न जाणता पाठ म्हणणारे आहे. काय कुठे ठेवावे, किती पावलांत सापडावे, दैव अगदी फिरले तर किती वेळ लागेल, हा सारा विचार माणसालाच करावा लागतो.

गेल्या आठवड्यात मॅडमनी क्रम लावण्याची एक रीत शिकवली आणि माझी लेखणी थबकली. ती रीत मी आपल्या घरातच पाहिली होती. तू नऊ वर्षांची असताना माझ्या हातून पोथीची दोनशे सुटी पाने जमिनीवर विखुरली. मी पहिले पान शोधत बसलो. तू शंभरच्या आतली एका बाजूला आणि वरची दुसऱ्या बाजूला केलीस, मग त्या प्रत्येक ढिगाचे पुन्हा तसेच दोन ढीग, पुन्हा दोन. माझ्या हाती पहिले पान लागेपर्यंत तुझे अर्धे काम झाले होते. तेव्हा मी एवढेच म्हणालो, "पानांना पाय लागू देऊ नकोस."

माझे उत्तम चालले आहे. सकाळची पूजा आटोपली की वही घेऊन बसतो. परीक्षेत पन्नासांपैकी एकतीस गुण मिळाले. त्या दिवशी घरी येताना पाऊल हलके पडत होते, ते थेट जिन्यापर्यंत.

पत्र लिहिण्याचे कारण आता सांगतो. तुला माझी अनुमती हवी आहे. ती मी देणार नाही, कारण देण्यासारखी अशी काही वस्तू माझ्यापाशी कधी नव्हतीच. पंचवीस वर्षांपूर्वी होते ते माझे अज्ञान, आणि त्याला मी शास्त्राचे वस्त्र नेसवले. त्याबद्दल तुझी क्षमा मागतो. बापाने मुलीची क्षमा मागू नये, असे वचन मला कोणत्याही ग्रंथात आढळले नाही. मी शोधून पाहिले. शुक्रवारच्या आत अर्ज भर. भरू का, असे मला विचारू नकोस. भरलास की कळव, आणि पहिल्या दिवसाच्या गडबडीत कळवायचे राहून गेले तरी चालेल.

तुझाच,
अजून शिकत असलेला
बाबा